वयाआधी सुरकुत्या आल्या तर त्वचेच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो का? की तो वयामुळेच होतो? अँटी-एजिंग क्रीमने काही फरक पडतो का?

सुरकुतीतून कॅन्सर होत नाही. पण ज्या उन्हाने चाळिशीच्या आत सुरकुत्या पाडल्या, त्याच उन्हाने पेशींच्या डीएनएची मोडतोडही केलेली असते. म्हणून तुमची काळजी अनाठायी नाही. एवढं सांगून थांबले असते, पण "वयामुळेच होतो" हे वाचलं की माझं डोकं फिरतं.

बाबांची सगळी नोकरी उन्हात, जमिनीच्या मोजणीत गेली. निवृत्तीनंतर नाकाच्या बाजूला चकचकीत कडेचा एक बारीक फोड आला. खपली धरायची, दाढी करताना निघायची, थेंबभर रक्त यायचं, की पुन्हा खपली. मी डॉक्टरांचं नाव काढलं की दादा म्हणायचा, "वय झालंय त्यांचं, डाग येणारच. उगाच दवाखान्यात कशाला फिरवतेस?" शेवटी त्याला न विचारता मीच घेऊन गेले. तुकडा काढून तपासला तर बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचाच एक कॅन्सर. हा सहसा दूर पसरत नाही, पण जागच्या जागी पोखरत जातो. वेळेत कळल्याने छोट्या शस्त्रक्रियेवर निभावलं. यावर दादा काय म्हणाला असेल? "बघ, शेवटी वयामुळेच ना?"

बाबांची मान मागून बघा. लालसर तपकिरी, जाड कातडी आणि तिच्यावर तिरक्या खोल चिरांची जाळी. कॉलर थोडी खाली ओढली की तिथे मऊ, जवळजवळ सपाट पाठ. दोन्हीचं वय एकच! उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीए किरण खोलवर जाऊन कोलॅजनची, म्हणजे कातडी घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाची, वाट लावतात, आणि ते काचेतूनही येतात. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं गाडी चालवून खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी लोंबलेली, उजवी त्यामानाने ठीक. दुसरे अतिनील किरण, यूव्हीबी, वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएवर थेट घाव घालतात. २०१५ साली पापणीच्या, दिसायला निरोगी कातडीची तपासणी झाली, तर साधारण पाव पेशींत कॅन्सरकडे नेणारे बदल आधीच होते.

ऑस्ट्रेलियात नॅम्बूर गावी १९९२ ते १९९६ काही जणांना रोज सनस्क्रीन लावायला लावलं. बाकीच्यांपेक्षा त्यांच्यात स्क्वेमस सेल कॅन्सर (त्वचेचाच दुसरा एक प्रकार) सुमारे ४० टक्के कमी झाले, आणि पंचावन्नच्या आतल्यांची कातडी म्हातारी होण्याचं प्रमाणही २४ टक्क्यांनी कमी भरलं. एकाच उपायाने दोन्ही आटोक्यात येतात, ते काय वय थांबलं म्हणून?

दादाला एक मुद्दा मात्र द्यावा लागेल. म्हाताऱ्या कातडीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी (कोलॅजन बनवणाऱ्या) आयजीएफ-१ हे द्रव्य कमी बनवतात. ते पुरेसं असलं तर उन्हाने बिघडलेली पेशी विभाजन थांबवते. नसलं तर तशीच वाढत राहते. म्हणजे तेच ऊन साठीनंतर जास्त नडतं. पण ऊन लागतंच ना!

क्रीमचं विचारलंत. त्याने सुरकुती थोडी बुजेल, डीएनएतला बिघाड नाही. तो खर्च सनस्क्रीनवर करा.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि हे सगळं गोऱ्या कातडीला जास्त लागू आहे. सावळ्यांना मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे बरंच संरक्षण असतं. पण तळव्यावर किंवा नखाखाली होणाऱ्या मेलानोमाचा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरचा) उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याला तो पायाच्या अंगठ्यात झाला होता, १९८१ साली गेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. तेव्हा रंग बदलणारा तीळ, नखाखाली रुंद होत जाणारी काळी रेघ, महिनाभरात न भरणारी जखम, यांतलं काहीही दिसलं की त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घरातल्या थोरल्यांची परवानगी मागत बसू नका.