हाताने रेखाटलेले ॲनिमेशनपट अमेरिकेत का थांबले?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्या कोल्हापुरात चित्रपटांचे मोठमोठे बॅनर हाताने रंगवणारे कलावंत होते. फ्लेक्स आले आणि त्यांचे काम गेले. अमेरिकेतील हाताने रेखाटलेल्या ॲनिमेशनपटांचेही संगणकामुळे असेच झाले, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. हे कितपत बरोबर आहे?
— एक कलाशिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : परिणाम सारखा दिसला, तरी दोन्हींमागची कारणे वेगळी आहेत. फ्लेक्स स्वस्त होते आणि काही तासांत तयार होत, म्हणून ते आले. अमेरिकेत संगणकावरचा चित्रपट स्वस्त पडत होता, असे मात्र दिसत नाही. डिस्नेच्या फ्लोरिडातील स्टुडिओने हाताने रेखाटलेला ‘लिलो अँड स्टिच’ (२००२) सुमारे ८ कोटी डॉलरमध्ये केला. पुढच्याच वर्षी आलेल्या, पूर्णपणे संगणकावर घडवलेल्या ‘फाइंडिंग निमो’चा खर्च ९ कोटी डॉलरच्या वर गेला होता.

शिवाय संगणक हा बाहेरून आलेला शत्रू नव्हता. पूर्वी मुख्य चित्रकार हालचालीतील महत्त्वाच्या अवस्था काढी, साहाय्यक त्यांमधली चित्रे भरून काढीत, मग प्रत्येक चित्राची रेषा स्वच्छ करून ती पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवली जाई आणि मागच्या बाजूने रंग भरला जाई. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी एका सेकंदाला १२ चित्रे लागतात. यांपैकी रेषा उतरवण्याचे आणि रंग भरण्याचे काम १९९० च्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’पासून डिस्नेमध्ये संगणकावर होऊ लागले. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ आणि ‘द लायन किंग’ यांतील पात्रे हातानेच रेखाटलेली आहेत, पण त्यांचे रंग संगणकावर भरलेले आहेत. म्हणजे ज्या काळाला आपण या कलेचा बहर म्हणतो, त्या काळात पेन्सिल आणि संगणक एकाच चित्रपटात काम करीत होते.

मग बिघडले कुठे? १९९४ मध्ये ‘द लायन किंग’ला अफाट यश मिळाले आणि दुसऱ्या स्टुडिओंनीही ॲनिमेशनचे विभाग थाटले. चित्रकारांचे मानधन वाढले, खर्च फुगले, आणि तीच गाणी, तोच विनोदी सोबती, तोच शेवट असे साचे पुन्हापुन्हा वापरले गेले. १९९५ मध्ये पूर्णपणे संगणकावर घडवलेला ‘टॉय स्टोरी’ आला, २००१ मध्ये तसाच ‘श्रेक’. प्रेक्षक तिकडे वळले. त्यात नव्या तंत्राचे कुतूहल होतेच, पण त्या चित्रपटांच्या कथा ताज्या होत्या, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे. याउलट हाताने रेखाटलेल्यांपैकी ‘द आयर्न जायंट’ (१९९९) हा अतिशय सुंदर चित्रपट नीट जाहिरात न झाल्यामुळे पडला, ‘टायटन ए. ई.’ (२०००) कोसळला, सुमारे १४ कोटी डॉलरच्या ‘ट्रेझर प्लॅनेट’ने (२००२) तेवढी तिकीटविक्रीही केली नाही आणि २००३ च्या ‘सिनबाद’ने ड्रीमवर्क्स या स्टुडिओला मोठ्या तोट्यात घातले. कथा आणि खर्च यांचे हे अपयश व्यवस्थापकांनी पेन्सिलीच्या माथी मारले. ज्या फ्लोरिडा स्टुडिओच्या ‘लिलो अँड स्टिच’ने जगभरात २७ कोटी डॉलरच्या आसपास कमावले होते, तोही २००४ च्या जानेवारीत बंद झाला. हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

खरे नुकसान त्यानंतर झाले. ही कला ज्येष्ठाच्या शेजारी बसून, त्याची चित्रे बोटांत धरून भराभर उलटून पाहत शिकायची असते. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५० च्या दशकात मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेत आले, त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले आणि पुढे राम मोहन यांनी आपल्याकडे कितीतरी जणांना घडवले. ही विद्या अशीच पुढे जाते. स्टुडिओ बंद पडल्यावर ते शेजारी बसणेच संपले. डिस्नेने २००९ मध्ये ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ काढून पुन्हा प्रयत्न केला आणि त्याने २६ कोटी डॉलरहून अधिक मिळवले. २०११ चा ‘विनी द पू’ मात्र अमेरिकेत हॅरी पॉटरच्या शेवटच्या चित्रपटाच्याच दिवशी प्रदर्शित करण्यात आला, आणि तो चालला नाही. त्यानंतर डिस्नेने हाताने रेखाटलेला पूर्ण लांबीचा चित्रपट काढलेला नाही.

प्रश्न : माझी मुलगी चित्रकलेची पदविका घेत आहे आणि तिला हातानेच ॲनिमेशन करायचे आहे. तिने हा नाद सोडावा का?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुळीच सोडू नये. अमेरिकेतील मोठे स्टुडिओ थांबले, जग थांबलेले नाही. जपानमध्ये हे काम अखंड चालू आहे, आयर्लंडचा ‘वुल्फवॉकर्स’ (२०२०) आणि स्पेनमध्ये घडलेला ‘क्लाउस’ (२०१९) हे दोन्ही ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचले. कागदाऐवजी टॅब्लेटवर रेखाटावे लागेल, पण रेषा तिचीच असेल. पदविकेत व्यक्तिचित्रणाचे जे तास असतील ते तिने एकही चुकवू नयेत, रंकाळ्यावर फिरणाऱ्या माणसांची चालताना, वाकताना, उठताना झटपट रेखाटने करावीत, आणि पहिला सराव म्हणून उसळणाऱ्या चेंडूची एका सेकंदाची १२ चित्रे काढून पाहावीत.