आधी बघ, तो कुठे काम करतोय

ख्रिस्तात प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आठ महिने प्रार्थना करते आहेस, उपास केलेस, वहीत दोन रकाने पाडलेस, एकात नोकरी, दुसऱ्यात पूर्णवेळ सेवा. आणि शेवटी लिहिलंस, 'देव काहीच बोलत नाही.' तुझी तगमग मला कळते. पण त्याखाली घाईघाईत लिहिलेल्या चार ओळी तू स्वतः वाचल्यास का? वडील गेल्यापासून तुझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी काम संपलं तरी उठत नाही. परवा तिनं विचारलं, "तू प्रार्थना करतेस म्हणजे नक्की काय करतेस?" आणि तुझी तक्रार काय, तर घरी यायला उशीर झाला, प्रार्थनेची वेळ चुकली!

अगं, मग हे काय आहे?

पित्यानं ओढल्याशिवाय कोणीही आपल्याकडे येत नाही, असं प्रभू येशू योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगतो. तिच्या तोंडून तो प्रश्न निघाला, त्याआधीच तिला कोणीतरी ओढत होतं. ती तू नव्हेस. तो तुझ्याआधी तिथं पोचला होता.

आधी बघ, तो कुठे काम करतोय. हे मी तुला मागेही सांगितलं होतं. 'माझ्या आयुष्याविषयी देवाची इच्छा काय?' हा प्रश्न मला आताशा खटकतो, कारण त्यात माझं आयुष्यच पाटावर बसलेलं असतं. बेथेस्दाच्या तळ्याकाठी आजाऱ्यांची गर्दी होती. प्रभू 38 वर्षं आजारी असलेल्या एकाच माणसापाशी थांबला. त्याला बरं केलं. तो दिवस शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीचा, म्हणून वाद झाला, तेव्हा म्हणाला की पिता अजूनही काम करतो आहे, आणि पिता जे करताना दिसतो तेच पुत्र करतो. पुत्रसुद्धा बघून काम करतो. मग आपण आपली योजना आखून त्याच्याकडे नुसती सही मागणारे कोण?

मी मात्र सही मागतच जगले. तरुणांसाठी संध्याकाळची सभा काढायची, हे माझंच ठरलेलं होतं. त्याच दिवसांत सोबत काम करणाऱ्या एका बाईनं मला जिन्यात थांबवलं. म्हणाली, "मुलगा दवाखान्यात आहे, तुमच्या देवाला सांगाल का?" माझ्या खांद्यावर पिशवी, पिशवीत सभेची पत्रकं. "रविवारी चर्चला या ना," म्हणाले आणि खाली उतरले. ती आली नाही. महिनाभरात तिची बदली झाली. मुलाचं काय झालं, मला आजही माहीत नाही. सभा दोन वर्षं चालून बंद पडली, त्याचं काही वाटत नाही. तो जिना मात्र अजून टोचतो.

त्यानंतर मी मंडळीच्या कमिट्यांमधून नाव काढून घेतलं. जबाबदारी टाळते, असं बोललं गेलं. बोलू देत. कोणी थांबवलं तर थांबता यावं, म्हणून मी संध्याकाळ मोकळी ठेवली. तो आळस नव्हता. काही चांगली माणसं दुखावली, ते खरं. तरी पुन्हा तेच करेन.

आता तुझे दोन रकाने. प्रेषित पौलाला आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्म्यानं मनाई केली, बिथुनियाचीही वाट अडवली. त्रोवसात दृष्टान्त झाला तो मासेदोनियातल्या एका पुरुषाचा, आणि फिलिप्पैत गेल्यावर भेटल्या त्या नदीकाठच्या बायका! त्यांच्यातली लुदिया आधीपासूनच देवाची भक्ती करणारी, तिचं अंतःकरण प्रभूनं उघडलं. आणि ती मूळची कुठली? थुवतीराची, म्हणजे त्याच आशिया प्रांतातली. पौलानं हे सगळं आधी वहीत मांडलं असतं, तर काय हाती लागलं असतं?

समोर आलेली प्रत्येक गरज म्हणजे तुला आलेलं बोलावणं नव्हे, हेही खरं. वचनाशी ताडून बघ, पाळकांशी बोल. पण जिथे एखादं माणूस आपणहून देवाविषयी विचारतं, तिथे आणखी कसली खूण हवी तुला?

नोकरी सोडायची की नाही, ते मी सांगणार नाही. सोमवारी कामावर जा. ती मुलगी पुन्हा मागे थांबली तर पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेव, खुर्ची तिच्याकडे वळव आणि आधी तिच्या वडिलांविषयी विचार. तिला काय उत्तर दिलंस, ते मला कळव.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारी,
तुझी मावशी