मिरचीचा हिशेब आधी, इन्स्टाग्राम मग

प्रश्न : मी एमबीए फायनान्सच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजने सहा आठवड्यांची सोशल इंटर्नशिप सक्तीची केलीय आणि मला बचत गटांच्या एका प्रभागसंघाकडे (म्हणजे अनेक गावांतल्या गटांच्या मिळून केलेल्या संघाकडे) पाठवलंय. तिथल्या मॅनेजर ताई म्हणाल्या, 'आमच्या मिरचीपुडीचं मार्केटिंग करून दे, इन्स्टाग्रामवर टाक.' सीनियर सांगतात, प्लेसमेंटला याबद्दल कुणी विचारत नाही. मग हे सहा आठवडे वाया घालवायचे का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : इन्स्टाग्रामचं पान उघडायला एक दुपार पुरते. तू परत गेलीस की ते बंद पडेल, हेही मी आत्ताच सांगते. बचत गटांची दप्तरं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. मुलं आली, पानं उघडून गेली आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेले!

तू फायनान्सची ना? मग आधी एका पाकिटाचा खर्च काढ. समजा, 10 किलो सुकी मिरची 200 रुपये किलोने आणली. झाले 2,000. देठ काढून, वाळवून, कांडपावरून आणल्यावर हाती साडेआठ किलोच पूड येते. कांडपाचे 300 धर. 200 ग्रॅमची 42 पाकिटं झाली, पिशवी आणि लेबलचे पाकिटामागे 5 रुपये, म्हणजे 210. एकूण 2,510. पाकीट 70 रुपयांना विकलं, तर 2,940 आले. गट म्हणतो, 430 रुपये सुटले.

आता विचार, देठ कुणी काढले? तिघीजणी दिवसभर बसल्या होत्या. 300 रुपये रोज धरला, तर मजुरीच 900 होते. पाकीट 81 रुपयांना पडलं आणि विकलं 70 ला. प्रदर्शनापर्यंतचं एसटीचं भाडं अजून धरलेलंच नाही. बायका म्हणतील, 'अगं, ते घरातलंच काम, त्याचे कसले पैसे?' तिथे वाद घालू नकोस. दोन रकाने आखून दोन्ही हिशेब समोर ठेव आणि भाव किती लावायचा ते त्यांना ठरवू दे. तोटा होत असताना तू मार्केटिंग करून विक्री दुप्पट केलीस, तर तोटाही दुप्पट होईल, एवढं मात्र सांग.

दुसरी गोष्ट उधारीची. प्रदर्शनात रोख मिळते, दुकानदार मात्र 'महिन्या-दोन महिन्यांनी बघू' म्हणतो. मिरची उन्हाळ्यात एकदम भरून ठेवावी लागते, म्हणजे गटाचे पैसे आधीच अडकलेले. तुमच्या पुस्तकातलं खेळतं भांडवल ते हेच. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्यानुसार गटासारख्या सूक्ष्म उद्योगाचं बिल, लेखी करारात जास्त मुदत असली तरी, 45 दिवसांच्या आत चुकवावं लागतं. त्याचा आधार घ्यायचा, तर गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का बघ, नसेल तर करून दे. माझ्या मते इन्स्टाग्रामपेक्षा हे काम शंभर पटीने मोलाचं.

बैठकीला जाशील तेव्हा पहिल्या वेळी लॅपटॉप उघडू नकोस. चटईवर बस, इतिवृत्त वाचलं जातं ते ऐक, बचत कशी मोजतात, अंतर्गत कर्ज कुणाला आणि का देतात ते बघ. परतफेड थकली की सगळ्या एकदम गप्प होतात. त्या वेळी कोण आधी बोलतं ते टिपून ठेव. ताळेबंदात ते सापडणार नाही.

राहिला प्लेसमेंटचा प्रश्न. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावे लागतात. ज्यांची ही सीएसआरची रक्कम सरासरी 10 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक, त्यांना 2021 पासून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापनही करून घ्यावं लागतं. ते अहवाल लिहिणाऱ्यांत तुझ्यासारखे एमबीएही असतात. त्यातल्या कितींनी गटाची बैठक पाहिलीय, कोण जाणे. रिझ्युमेत '50 महिलांचे सक्षमीकरण केले' असलं काही लिहू नकोस, मुलाखत घेणाराही हसेल. 'मजुरी धरून पाकिटाचा खर्च काढला, त्यावरून गटाने भाव बदलला' असं लिही. भाव बदलला नाही, तर का नाही, तेही सांगता आलं पाहिजे.

प्रश्न : मी गावात सीआरपी आहे, म्हणजे बचत गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती. दरवर्षी कॉलेजची मुलं येतात, सर्व्हे भरतात, फोटो काढतात आणि जातात. अहवाल आम्हाला कधी दिसत नाही. नाही म्हणावं, तर वरून फोन येतो. काय करावं?

उत्तर : ताई, मुलांना नाही म्हणू नका, त्यांच्या प्राध्यापकांशी बोला, आणि तेही मुलं यायच्या महिनाभर आधी. विषय ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाने, ठरवायचा आणि बैठकीत ठराव करून कळवायचा. मग वरून फोन आला, तरी 'ठराव झालाय' म्हणता येतं. शेतात मजुरी चालू असेल त्या वेळात मुलाखती नाहीत. बाईचा अर्धा रोज बुडत असेल, तर तो कॉलेजने भरावा. यात संकोच कसला? विचारल्याशिवाय फोटो नाही. मागच्या तुकडीचा अहवाल मराठीत हाती आल्याशिवाय पुढची तुकडी नाही. आणि जो तक्ता तयार होईल, तो गटाच्या लिपिकेला स्वतः भरता आला पाहिजे. मुलांच्या शेवटच्या आठवड्यात तिला त्यांच्यासमोर एकदा भरायला लावा. जिथे अडेल, ते त्यांच्याकडून तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.