मध्य प्रदेशात आठवडाभरात वारसा, जंगल आणि तीर्थक्षेत्रं कशी जमवावीत?

आठवडाच असेल तर खजुराहो या खेपेला सोडा, ते एका टोकाला पडतं. इंदूरहून उज्जैनचा महाकाल आणि ओंकारेश्वर ही दोन्ही ज्योतिर्लिंगं होतात. पण मुक्काम महेश्वरला कराच. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी इथूनच होळकरांचा कारभार पाहिला. किल्ल्याखाली नर्मदेचा घाट आहे, माहेश्वरी साड्यांचे हातमाग अजून चालू आहेत. पुढे भोपाळजवळ सांची आणि भीमबेटका. भीमबेटकाची गुहाचित्रं घाईत बघू नका, फार अन्याय होतो. मग रेल्वेने जबलपूर गाठून कान्हाचं जंगल. १९७० मध्ये इथे अवघे ६६ बारशिंगे उरले होते, ते जपून वाढवले. वाघ दिसो न दिसो, बारशिंगे नक्की बघा. पावसाळ्यात, ३० सप्टेंबरपर्यंत गाभ्याचं जंगल बंद असतं. परतीला नागपूर सोयीचं.