पगार वेळेवर देऊनही माणसं का दुरावतात?

"पगार कधी थकवला नाही, अडीअडचणीला उचल दिली, तरी माणसं उलटली." छोट्या उद्योगांचे मालक समुपदेशनाला आले की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्यातलं एक प्रकरण सांगते.

छपाई कारखान्याचे एक मालक जुन्या सुपरवायझरची तक्रार घेऊन आले. पूर्वी मशीन अडलं की हा माणूस डबा अर्धा टाकून धावायचा. आता सुट्टी झाली की बाहेर, विचारलं तर "नियमानं चालतोय, साहेब." त्याला कुणीतरी फूस लावली, यावर मालक ठाम होते. (असा 'कुणीतरी' मला तरी अजून भेटलेला नाही.)

मी सुपरवायझरशी वेगळं बोलले. त्यानं मोबाइलवर मालकांचा रात्री उशिराचा मेसेज दाखवला: "उद्यापासून ओव्हरटाइम बंद." ना कारण, ना मुदत. "पैशाचं सोडा, मॅडम. बोलावून सांगता आलं नसतं? हाताखालच्या पोरांना मी काय उत्तर देऊ?"

कारण खरं होतं. मोठ्या ग्राहकानं पैसे अडकवले होते. कळलं तर माणसं सोडून जातील, म्हणून मालक गप्प बसले. माणसांना वाटलं, आता आपली गरज संपली.

मी मालकांना कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचे अभ्यासक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवडे पगारात १५ टक्के कपात झाली. एकीकडे कारणं आकड्यांनिशी समजावली, खेद व्यक्त केला. दुसरीकडे त्रोटक घोषणा करून मोकळे झाले. त्या काळात दुसरीकडच्या कामगारांच्या चोऱ्या कितीतरी जास्त वाढल्या. चार गोड शब्द बोलून पगार कापावा, असा सोयीचा अर्थ मालकांनी लगेच काढला. तो खोडायला बराच वेळ गेला.

आधी सुपरवायझरला एकट्याला भेटा, मग सगळ्यांना. ओव्हरटाइम पुन्हा कधी सुरू होईल हे ठाऊक नसेल तर निदान पुन्हा कधी बोलू ते सांगा, असं ठरलं. मागची काही देणी राहिलीत का, हेही विचारलं. बंद होण्याआधीच्या दोन महिन्यांचा ओव्हरटाइम थकलेला निघाला! 'पगार कधी थकवला नाही' म्हणताना मालक तो पगारात धरतच नव्हते.

ती रक्कम चुकती झाली. काम पुन्हा वाढलंय आणि सुपरवायझर थांबतोही. पण किती वाजेपर्यंत आणि त्याचे पैसे कधी, हे आधी विचारून घेतो. मालकांना ते खटकतं. मला त्यात काही वावगं दिसत नाही.