तेरडा इथला आणि तिथला

प्रिय ओवी,

आजी ज्या झाडाला साडी नेसवून गौर म्हणून घरात बसवते, तेच झाड लीड्सच्या कालव्याकाठी लोक उपटून पोत्यात का भरत होते? शनिवारचा हा तुझा प्रश्न रस्त्यात उभ्याउभ्या उरकण्यासारखा नव्हता. शिवाय रविवारच्या वर्गात तू जोडाक्षरं वाचायला लागली आहेस, तेव्हा उत्तर लेखी. अडेल तिथे आईला विचार.

आधी हे, की ते झाड तेच नव्हे, त्याची चुलत बहीण. कालव्यावरचा तेरडा हिमालयातला. 1839 साली बागेत लावायला म्हणून तो इथे आणला आणि कुंपण ओलांडून ओढ्या-नद्यांच्या काठानं पसरला. माणसापेक्षा उंच होतो, खालच्या गवताला ऊन मिळू देत नाही. थंडीत तो मेला की काठ उघडे पडतात आणि माती पाण्यात जाते. म्हणून ते काका-काकू रबरी बूट घालून तो उपटतात. त्यांचं काही चुकत नाही. तू शेंग फोडलीस तेव्हा त्या काकू 'नको नको' म्हणाल्या, कारण तिचं बी सात मीटरपर्यंत उडतं.

मला मात्र तो 'टच्' आवाज चिमणपुरा पेठेतला वाटला. आमचं साताऱ्याचं घर तिथं, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. भाद्रपदात किल्ल्याच्या उतारावर तेरडा असा माजायचा की पायवाट सापडू नये. गौरीच्या आदल्या दिवशी आजी आम्हा पोरांना पाठवायची. मुळासकट आणा, भरपूर फुलांचा बघा आणि शेंगा फोडत बसू नका. तिसरी सूचना कुणी पाळली नाही. चांगली फुगलेली शेंग निवडायची. आपल्या तेरड्याच्या शेंगेवर बारीक लव असते, इथली गुळगुळीत. दोन बोटांत धरून जरा दाबली की तिच्या पाच फाका घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळल्या जायच्या आणि बी तळव्यावर फटकन बसायचं. तळव्यावर ही झाली शिकाऊ पोरांची गोष्ट. खरा खेळ म्हणजे पुढच्याच्या कॉलरमध्ये नेऊन फोडायची.

दुसऱ्या दिवशी अनुराधा नक्षत्रावर गौर आणायची ती पाणवठ्यावरून. कृष्णा लांब, माहुलीला. त्यामुळे आमचा पाणवठा म्हणजे बोळातला नगरपालिकेचा नळ. यात कुणाला कमीपणा वाटल्याचं आठवत नाही. त्या नळाला पाणी यायचं कासच्या तलावाचं, आणि कासचं पठार तर पावसाळा सरताना तेरड्यानंच गुलाबी होतं.

आत्या मुळं धुऊन जुडी बांधायची, हळद-कुंकू वाहून ती घेऊन यायची. उंबऱ्यावर आजी तिच्या पायांवर दूध-पाणी घालायची. 'गौर आली, गौर!' 'कशाच्या पावली?' 'सोन्या-रुप्याच्या पावली!' ताट बडवायचं काम माझं, आणि ते मी कुणाला देत नसे. रांगोळीच्या पावलांवरून गौर स्वयंपाकघरात, धान्याच्या डब्यापाशी, कपाटापाशी हिंडवायची, सगळं भरलेलं आहे असं तिला दाखवायचं. कपाटात काय असायचं ते सोड.

मग तेरडाच का? काही लोक त्यात औषधी गुण, विज्ञान असं बरंच शोधून काढतात. मला ते ओढूनताणून वाटतं. भाद्रपदात आमच्याकडे घराबाहेर पडल्यावर हाताला लागायचा तो तेरडा, एवढंच कारण मला पुरतं. विकत आणावा लागत नाही. ज्या घरात पितळी मुखवटा नाही, त्या घरातही गौर येते. आणि ती माहेरवाशीण. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, रात्री झिम्मा-फुगडी, तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर परत पाण्यात. तोवर फुलांनी माना टाकलेल्याच असतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं लोक टोमण्यानं म्हणतात. आजीच्या हिशेबात मात्र पाहुणीला तीन दिवस पुरे. कालव्यावरची पाहुणी जायचं नाव काढत नाही, हीच तर इथल्यांची पंचाईत.

पुढच्या वर्षी तोच तेरडा घरी आणून गौर बसवू म्हणालीस, ते जमायचं नाही. वाटेत बी सांडणार, आणि तो रानात पसरवणं इथे कायद्यानं मना आहे. कोकणस्थांकडे पाणवठ्यावरचे खडे गौर म्हणून आणतात. तसं करता येईल, पण आपल्या घरात खड्यांची गौर चालेल का, हे आजीनं ठरवायचं. तिला फोन तूच कर, इथल्या दुपारी एकच्या आत. तेव्हा तिकडे साडेपाच वाजलेले असतात, आणि सहाला ती देवळात गेली की फोन घरीच ठेवते.

तुझा,
बाबा