दुबईत दाढा बसवण्याआधी

प्रश्न : मुलगा दुबईला असतो. आम्ही दोघं तीन महिने त्याच्याकडे चाललो आहोत. माझ्या खालच्या दोन दाढा काढून झाल्यात, तिथे इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दाढ) तिकडेच करून घ्या, असं तो म्हणतो. त्यानं पाहिलेल्या डॉक्टरांच्या नावापुढे पाच-सहा पदव्या आहेत. त्यांची खात्री नाशकात बसून करता येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : येईल. पदव्या नंतर बघा, आधी परवाना क्रमांक मागा. दुबईत परवाना ‘दुबई हेल्थ अथॉरिटी’ देते आणि तिच्या संकेतस्थळावरची नोंद कोणालाही पाहता येते. दवाखाना ‘दुबई हेल्थकेअर सिटी’त असेल, तर मात्र तिथली नियामक संस्था वेगळी, अबुधाबीचीही वेगळी. म्हणून एका यादीत नाव नाही एवढ्यावरून डॉक्टरांना बोगस ठरवू नका. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर किंवा लग्नानंतर बदललेलं आडनावही घोळ घालतं. क्रमांकावरूनच शोधा.

नोंद सापडली, की हुद्दा वाचा : जनरल डेंटिस्ट की स्पेशालिस्ट, आणि कशातले? परवाना चालू आहे का आणि दवाखाना तुम्ही जाणार तोच आहे का, हेही पाहा. ‘फेलो’, ‘डिप्लोमेट’ या बिरुदांवर भुलू नका. काही दोन-चार दिवसांच्या कोर्सवरही मिळतात. डॉक्टर महाराष्ट्रात शिकलेले असतील, तर राज्य दंत परिषदेकडे त्यांची बीडीएसची (दंतवैद्यकाची पहिली पदवी) नोंद असते, एमडीएस (पदव्युत्तर पदवी) असल्यास तीही. एमडीएसच्या नऊ शाखांत ‘इम्प्लांटॉलॉजी’ नाही, हे ध्यानात असू द्या. अभिमत विद्यापीठं सोडली, तर इथल्या अलीकडच्या पदव्यांवर आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचंच नाव असतं.

शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, हे उपचाराच्या आराखड्यात नावानिशी लिहून घ्या. पाहिले एकानं, केलं दुसऱ्यानं, असं होतं.

पदवी अस्सल असूनही काम अडतं ते पुढे. खालच्या जबड्यात हाड इम्प्लांटला धरायला साधारण तीन महिने लागतात, म्हणजे कॅप बहुधा नाशकातच बसवावी लागेल. इथल्या डॉक्टरांना इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल कळलं नाही, तर त्याला बसणारा स्क्रू-ड्रायव्हर आणि सुटे भाग मिळत नाहीत. प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनावर स्टिकर असतो : कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी (उदाहरणार्थ ४.१ आणि १० मिमी), लॉट क्रमांक. दोन्ही इम्प्लांटचे स्टिकर आणि सीबीसीटी स्कॅनची (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) मूळ फाइल शेवटचं बिल भरण्याआधीच ताब्यात घ्या; मोबाइलवर काढलेला स्कॅनचा फोटो चालत नाही.